तीनशे बारा पुस्तकं आणि एक वही : अमळनेर तालुक्यातल्या वाचनालयाच्या कामाच्या नोंदी

मी एम.लिब.ची, म्हणजे ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी. प्रबंधासाठी अमळनेर तालुक्यातल्या एका गावचं सार्वजनिक वाचनालय घेतलं. ड वर्ग (सरकारी वर्गवारीतला सगळ्यात खालचा), दोन खोल्या, एक ग्रंथपाल. ग्रंथपालांना गाव आप्पा म्हणतं, मीही आप्पाच म्हणते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, त्याचं कारण मार्चमधल्या नोंदीत कळेल. कुणी असंच काम हाती घेणार असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्याचे तरी वाचावेत, म्हणून लिहून ठेवतेय.

९ डिसेंबर २०२४

जुनं कपाट उघडलं. किल्ली दोन, कुलूप तिसरंच. आप्पांनी स्क्रू ड्रायव्हरने कडीच काढली. आत डांबरगोळ्यांचा भपका आणि तळाशी कसरीने केलेला पिवळा भुसा. मोजली तर ३१२ पुस्तकं निघाली, बहुतेक स्वातंत्र्याच्या आधीची. दिवसाला चार पुस्तकं धरली तर ऐंशी दिवसांत सगळी स्कॅन होतील, असा हिशेब वहीत लिहिला. तो पुढे किती हास्यास्पद ठरला ते येईलच.

गेल्या फेब्रुवारीत अमळनेरला ९७ वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा तालुका पुस्तकांनी भरून गेला होता. हे कपाट तेव्हाही बंदच होतं, असं आप्पा म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही, नुसतंच.

१२ डिसेंबर

मोबाइलवरच्या स्कॅनिंग ॲपने सुरुवात केली. पान धरलं की ॲप कडा ओळखतं, वाकडं सरळ करतं, पांढरंशुभ्र करून देतं. दोन दिवसांत चार पुस्तकं, ६४० पानं. जळगावला होस्टेलवर परतताना गाडीत बसून सगळ्यांना फोटो पाठवले.

१६ डिसेंबर

मार्गदर्शक सरांनी फायली उघडल्या आणि दोन मिनिटांत विचारलं, "समास कुठे गेले?"

ॲपने कडा म्हणून छपाईची चौकट धरली होती आणि बाहेरचं सगळं कापलं होतं. शेतीवरच्या एका पुस्तकात ४७ व्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलंय : "आमच्या काळ्या जमिनीत हे चालत नाही. दोनदा करून पाहिले." माझ्या स्कॅनमध्ये त्यातलं फक्त "दोनदा" उरलं होतं, तेही फिकट, कारण ॲपने पान काळं-पांढरं करताना पेन्सिल डाग समजून पुसली होती. पुस्तकाच्या प्रती कुठे ना कुठे असतील, हा शेरा मात्र याच प्रतीत आहे.

६४० पानं रद्द, दोन दिवस गेले. तेव्हापासूनचा नियम : पूर्ण पान, चारी कडांबाहेर बोटभर पार्श्वभूमी दिसली पाहिजे, फोटो रंगीत, आणि मूळ फाइलवर कसलीही 'सुधारणा' नाही. सुधारायचं ते प्रतीवर.

२१ डिसेंबर

विभागाचा २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा मिळाला. आता पुस्तक ठेवायला घोडी हवी. जुनं पुस्तक सपाट उघडलं की पाठ फुटते, म्हणून ते अर्धवट उघड्या अवस्थेत, साधारण शंभर-एकशे दहा अंशांत टेकवायचं आणि वरून काच ठेवायची. गावातल्या सुतारमामांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "हाई ते पोथीनी ठवणी शे, जराशी मोठी." खरंच की! व्यासपीठावर पोथी ठेवतात तीच रचना. मी इतके दिवस परदेशी व्हिडिओ बघत बसले होते.

प्लाय त्यांच्याकडचा उरलेला, मजुरी ८०० रुपये. काच ३५० रुपयांची, ती एस.टी.त मांडीवर घेऊन येताना पारोळ्याच्या अलीकडे एका गतिरोधकावर तडकली. दुसरी काच, पुन्हा ३५०. कडा घासून घ्यायच्या, नाहीतर पानं कापतात.

३ जानेवारी २०२५

आठवडाभर उजेडाशी भांडण. ट्यूबलाइटखाली प्रत्येक फोटोत आडवे करडे पट्टे येत होते. कॅमेरा बिघडला म्हणून दोन दिवस त्याच्याच मागे लागले. शेवटी कळलं की ट्यूब विजेच्या लयीत लुकलुकते आणि शटर जास्त वेगाने मिटलं की ती लुकलूक पट्टा बनून उतरते. शटरचा वेळ १/५० सेकंदावर आणला, ट्यूब बंद केली, दोन बाजूंनी दोन चांगले एलईडी दिवे लावले (३६० रुपये), तेव्हा पट्टे गेले. काचेत कॅमेऱ्याचंच प्रतिबिंब दिसत होतं, त्यावर काळं कापड. आप्पांनी छत्री फाडून दिली.

एकच कॅमेरा असल्यामुळे आधी सगळी उजवी पानं, मग पुस्तक फिरवून सगळी डावी. नंतर दोन्ही गड्ड्या संगणकावर एकात एक पिसायच्या. यात एक डावं पान सुटलं की तिथून पुढचं अख्खं पुस्तक घसरतं. एका नाटकात दुसऱ्या अंकापासून संवादांची उत्तरं प्रश्नांच्या आधी येत होती. आता दर वीस पानांनी थांबून पृष्ठांक ताडते.

११ जानेवारी

ही नोंद लिहायला लाज वाटते, पण उपयोग सगळ्यात जास्त हिचाच आहे.

अकरा दिवसांत २३ पुस्तकं पूर्ण झाली होती. आज सहज एकाचं नाव नेटवर टाकलं, तर पूर्ण पुस्तक समोर आलं, माझ्यापेक्षा स्वच्छ स्कॅन. दुसरं टाकलं, तेही. रात्री दोनपर्यंत बसून तेवीसही तपासली. १९ आधीच चढवलेली होती. म्हणजे अकरा दिवसांत कामाची पुस्तकं झाली चार.

याद्या आधी करा हे आम्हाला पहिल्या सत्रात शिकवलेलं आहे. परीक्षेत मी ते लिहूनही आले होते.

१६ जानेवारी

कॅमेरा बॅगेत ठेवला. संक्रांतीची सुट्टी धरून चार दिवस फक्त यादी : नाव, लेखक, प्रकाशक, साल, आवृत्ती, आणि नेटवर आहे की नाही. नाव एकाच पद्धतीने टाकून चालत नाही. 'इतिहास' ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही करून, लेखकाचं आडनाव आधी आणि नंतर, रोमन अक्षरांत तीन तऱ्हांनी. ३१२ पैकी कुठेच न सापडलेली उरली ५८.

त्यातच कॉपीराइटचा हिशेब. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरची साठ वर्षं, तीही मृत्यूच्या पुढच्या वर्षीच्या १ जानेवारीपासून मोजायची. म्हणजे २०२५ मध्ये १९६४ अखेरपर्यंत वारलेल्या लेखकांचं लेखन खुलं. निनावी पुस्तक असेल तर प्रकाशनापासून साठ. अनुवाद असेल तर मूळ लेखकाबरोबर अनुवादकाचंही वर्ष शोधावं लागतं, हे मी दोनदा विसरले. मृत्यूचं साल न मिळालेली नऊ पुस्तकं स्कॅन करून वाचनालयातच ठेवायची ठरवली, नेटवर नाही.

२४ जानेवारी

५८ मध्ये एक शिळाछापाची पोथी. सालाच्या रकान्यात मी शके १८०२ लिहिलं होतं, म्हणजे इसवी १८८०. गावातले एक आजोबा, पूर्वी भिक्षुकी करायचे, खिडकीशी पेपर वाचत बसतात. त्यांना शेवटचं पान दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पान नाकाशी नेलं आणि म्हणाले, "इथे विलंबीनाम संवत्सर लिहिलंय. अठराशे दोनला विलंबी कसा येईल? तो विक्रम."

साठ संवत्सरांचं, म्हणजे शकवर्षांना ओळीने मिळणाऱ्या साठ नावांचं चक्र मांडून पाहिलं. शके १८०२ ला खरोखर विक्रम येतो, आणि विलंबी येतो १८२० ला. भिंगाखाली धरलं तर शून्याचा आणि दोनाचा क्रम मीच उलटा उतरवला होता. महिना मार्गशीर्ष, म्हणजे ७८ मिळवून १८९८. (जानेवारी ते पाडव्यापर्यंतचे दिवस असते तर ७९ मिळवायचे.) अठरा वर्षांची चूक एका शब्दाने पकडली. तेव्हापासून यादीत संवत्सराचा वेगळा रकाना आहे.

२ फेब्रुवारी

धुळ्याला जाऊन आले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच गेले आणि त्यांचा संग्रह सांभाळायला पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी बाडं (हस्तलिखितांचे गठ्ठे) गोळा करून ठेवलेलं समर्थ वाग्देवता मंदिरही धुळ्यातच. या लोकांनी हे बैलगाडीच्या काळात केलं आणि मी एस.टी.च्या गर्दीवर कुरकुरतेय. असो.

परत आल्यावर उत्साहाच्या भरात मोठा गाढवपणा केला. एका पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कुणीतरी सेलोटेप लावली होती, तपकिरी पडून ताठ झालेली. नखाने कोपरा उचलला आणि हळू ओढली. टेपबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा आला आणि त्यावरची शाईही. जिथे "आवृत्ती दुसरी" होतं तिथे आता फक्त "आवृत्ती" आहे. "दुसरी" टेपला उलटी चिकटलीय. तो तुकडा पाकिटात घालून पुस्तकाबरोबर ठेवला, आणि यादीत कारण लिहिलं, माझ्या नावासकट.

टेप आहे तशी राहू द्या आणि तिच्यासकट फोटो घ्या. धूळ काढायला रंगाऱ्याचा मऊ ब्रश (१२० रुपये), आतून बाहेरच्या दिशेने. हातमोज्यांत बोटांना कागद कळत नाही आणि पान फाटतं. हात धुऊन कोरडे केलेले बरे.

१९ फेब्रुवारी

पानांमधला मजकूर शोधता यावा म्हणून टेसरॅक्ट या फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरचं मराठी मॉडेल चालवलं. नव्या छपाईवर ठीक, जुन्या खिळ्यांच्या छपाईवर रडारड. शिरोरेघ तुटलेली असली की एका शब्दाचे तीन होतात. पण खरा घोळ वेगळाच निघाला. "घरात" शोधलं की काहीच मिळेना. पुस्तकात ते "घरांत" आहे. "नांव", "पांच", "त्यानें", "केलें" : १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याआधीची सगळी छपाई त्यांनी भरलेली.

मी शहाणपणा करून एका झटक्यात सगळे अनुस्वार उडवले. मग संताचा सत झाला, पंतांचं पत, मुंबईची मुबई. मूळ मजकुराची प्रत ठेवली होती म्हणून वाचले, तरी दीड दिवस गेला.

आता मजकूर छापलाय तसाच ठेवायचा आणि शोधासाठी शेजारी दुसरी फाइल. त्या फाइलमध्ये शब्दाच्या शेवटच्या "-नें", "-लें"वरचे टिंब काढायचे, शिवाय नांव, गांव, पांच अशा शब्दांची हाताने केलेली यादी. "घरांत"ला मात्र इलाज सापडलेला नाही, कारण अनेक घरं असतील तर ते आजही बरोबरच आहे. तिथे दोन्ही रूपं शोधा म्हणून सूचना लिहून मोकळी झाले.

६ मार्च

५८ पैकी ३० पुस्तकं झाली. मध्येच आप्पांनी पोटमाळ्यावरून एक गठ्ठा खाली टाकला. "हाई रद्दीमा जाई ऱ्हायनं व्हतं." निर्लेखन केलेल्या (दप्तरातून काढून टाकलेल्या) कागदांत १९४६ ते १९६१ ची देवघेव नोंदवही. कुणी, कधी, काय नेलं, कधी आणलं.

मी कामच थांबवून दोन दिवस ती वाचत बसले. पेरणीच्या दिवसांत देवघेव जवळजवळ बंद, दिवाळीनंतर एकदम झुंबड. एकाच माणसाने एकच नाटक सात वेळा नेलेलं. बायकांची नावं पंधरा वर्षांत मोजून चार, पण काही पुरुषांच्या नावापुढे ग्रंथपालाने "घरात वाचण्यास" असं लिहिलंय. कोण वाचत होतं ते त्या दोन शब्दांत कळतं. अशी वही जगात दुसरी नाही. ३१२ पुस्तकांपेक्षा मला ती मोलाची वाटते. सरांना पटलेलं नाही, त्यांना "संख्या" हवी आहे.

१३ मार्च

वही स्कॅन होतेय ही बातमी गावात फिरली. आज एक गृहस्थ आले. त्यांच्या आजोबांच्या नावापुढे लाल शाईत "पुस्तक परत नाही, येणे" लिहिलंय हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. ते पान काढून टाका म्हणाले. मी संशोधनाचं महत्त्व वगैरे सुरू केलं आणि फसले. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही मे महिन्यात निघून जाल. आम्हाला इथंच राहायचंय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आप्पांनी तोडगा काढला : पूर्ण वही स्कॅन करायची, ती प्रत वाचनालयाच्या कपाटात. बाहेर जाणाऱ्या प्रतीत नावाचा रकाना झाकायचा, त्याजागी क्रमांक. पान फाडायचं नाही. गृहस्थ तयार झाले. गावाचं नाव न देण्याचं कारण हेच.

झाकण्याचं काम ३८४ पानांवर हाताने करावं लागलं. सहा संध्याकाळी.

२८ मार्च

उन्हाळा लागला. दुपारी बारानंतर कागद इतका कोरडा होतो की उलटताना कोपरा तुटून बोटात राहतो. वेळ बदलली, सकाळी सात ते अकरा. त्यात वीज जाते ती वेगळीच.

दरम्यान हार्डडिस्क कुरकुरायला लागली. एका पानाची पूर्ण टिफ फाइल ७२ एमबीची, त्यामुळे नेटवर ठेवण्याइतकं आमचं कनेक्शन नाही. दुसरी डिस्क घेतली, दोन्ही मिळून ९,२०० रुपये. एक माझ्याकडे जळगावला, एक वाचनालयात, आणि हलक्या पीडीएफ प्रती नेटवर. आज पाहिलं तर आप्पांनी वाचनालयातली डिस्क कडुनिंबाच्या पाल्यात गुंडाळून ठेवली होती. पाला ओला होता. डिस्क चालू आहे, देवाची कृपा.

१० एप्रिल

त्याच रद्दीच्या गठ्ठ्यात तळाशी एक शाळकरी वही, खणाच्या कापडात गुंडाळलेली. दाखल क्रमांक नाही, शिक्का नाही. आत शाईच्या बोरूने अहिराणी गाणी : आखाजीची (अक्षय्य तृतीयेची), गौराईची, झोक्यावरची. ४४ पानं. शेवटच्या पानावर घराणं कळेल इतपत खूण होती, म्हणून आप्पांबरोबर त्या घरी गेले. ऐंशीच्या पुढच्या एक आजी बाहेर आल्या. वही त्यांच्या सासूबाईंनी सांगितलेली, दिराने लिहून घेतलेली. त्यांनी ती हातात घेतली, उघडली नाही, नुसती कापडावरून बोटं फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "हाई कोन वाचस आते, माय?"

कायद्यात अप्रकाशित लेखनाचा हिशेब वेगळा आहे, पण त्याआधी घरच्यांचा होकार. दोन्ही मुलांच्या सह्या घेतल्या. बहिणाबाईंची गाणी मुलाने कागदावर उतरवली होती म्हणून त्या १९५१ मध्ये गेल्यावर पुढच्या वर्षी पुस्तक येऊ शकलं. ही वही मात्र रद्दीत कशी गेली ते कुणालाच सांगता आलं नाही.

२ मे

हस्ताक्षर सॉफ्टवेअरला वाचता येत नाही आणि बोरूची शाई झिरपल्यामुळे मलाही अर्धं. आप्पांनी सुचवलं, आखाजीला माहेरवाशिणी येतील तेव्हा बस. ३० एप्रिलला आखाजी झाली. काल दुपारी आजींच्या ओट्यावर सात जणी जमल्या. मी पानाचा फोटो लॅपटॉपवर मोठा करून पहिली ओळ वाचायची आणि त्या पुढचं म्हणायच्या. वहीत वेगळं असलं की भांडण. "आसं नही म्हनतस, वं माय!" एकीच्या गावी 'झोका', दुसरीच्या गावी निराळीच ओळ. मी आधी 'बरोबर' रूप निवडायला लागले होते. मग सोडून दिलं. वहीतलं एका रकान्यात, म्हटलेलं शेजारी, म्हणणारीचं गाव तिसऱ्यात. आवाज मोबाइलवर घेतला, पण पंखा चालू होता. पहिली चाळीस मिनिटं घरघरच ऐकू येते. पंखा बंद करायचा होता, बेचाळीस डिग्रीत कुणाला सांगणार?

६ मे

आजचा हिशेब. पुस्तकं ५८ पैकी ४१ पूर्ण, साधारण ६,५६० पानं, शिवाय दोन वह्या. फोटो काढायला सुमारे ७० तास लागले. यादी, नावं देणं, ताडणं, चुका निस्तरणं यात त्याच्या दुपटीहून जास्त. खर्च : ठवणीची मजुरी ८००, दोन काचा ७००, दिवे ३६०, डिस्क ९,२००, ब्रश १२०, प्रवास ४,३४०. एकूण १५,५२० रुपये, घरून घेतलेले. वाचनालयाला सरकारकडून मिळणाऱ्या परिरक्षण अनुदानातून काही मिळेल का विचारलं, तर आप्पा हसले, त्यांचा स्वतःचा पगार त्यातूनच होतो.

फायलींची नावं आधी देवनागरीत दिली होती, ती एका संगणकावरून दुसऱ्यावर नेताना चौकटी-चौकटी झाली. रोमन अक्षरं आणि चार आकडी पृष्ठांक ठेवा. साधं १, २, ३ दिलं तर १ नंतर १० येतं.

राहिलेलं : १७ पुस्तकं, त्यातल्या सहांना वाळवी लागलेली आहे आणि त्यांना मी हात लावणार नाही. गाण्यांच्या वहीतलं ३१ वं पान खालून फाटलंय, दोन ओळी गेल्या. सातही जणींना ते गाणं येत होतं, त्या दोन ओळी कुणालाच नाही. एकीची मावशी शिरपूरला असते, तिला येत असेल म्हणाल्या. फोन नंबर घेतलाय.